रिपोर्ट न पाहता लिहिलेलं पथ्य

किडनीच्या रुग्णाला पथ्य सांगायला बसलेला माणूस ताजा रक्ताचा रिपोर्ट न मागताच सांगायला लागला, तर तिथून उठावं. फी भरली असेल तर ती बुडाली समजावं, पण त्या कागदाप्रमाणे एक दिवसही स्वयंपाक करू नये. हे मी रागाने लिहिते आहे. राग अजून गेलेला नाही आणि तो झाकण्याचं कारणही मला दिसत नाही. पण केवळ माझ्या रागावर कोणी विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही, कारण पुढे जे मांडते आहे ते कोणालाही पडताळून पाहता येईल. घरचा इतिहास इथे उगाळत बसत नाही. ज्यांच्या घरात क्रिएटिनिनचा आकडा तोंडपाठ झालेला आहे, त्यांना तो सांगावा लागत नाही. रायगडमधल्या आपट्यासारख्या गावातून किडनीच्या आजारासाठी आहारतज्ज्ञ शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती काय पडतं, त्यात काय चुकलेलं असतं आणि योग्य माणूस कसा ओळखायचा, एवढंच सांगायचं आहे.

हाती पडतो एक छापील कागद. वर ठळक अक्षरांत ‘किडनी डाएट’, खाली दोन रकाने. ‘खाऊ नये’च्या रकान्यात डाळी, कडधान्यं, दूध, दही, अंडी, मासे, मटण, पालेभाज्या, बटाटा, टोमॅटो, केळी, शहाळं, सुकामेवा. ‘खावे’च्या रकान्यात भात, पोळी, दुधी, पडवळ, तोंडली, सफरचंद. नावाच्या जागी पेनाने रुग्णाचं नाव. वजन लिहायला जागा नाही. मधुमेह आहे का, लघवी किती होते, डायलिसिस सुरू आहे की नाही, यातल्या कशालाच चौकट नाही. खाली फेरतपासणीची तारीख नाही, आणि असणार तरी कशाला, कागद बदलायचाच नसेल तर? विचारलं की उत्तर ठरलेलं: “सगळ्या किडनी पेशंटना हेच असतं.” माझं भांडण या एका वाक्याशी आहे. ते नुसतं आळसाचं वाक्य असतं तर सोडून दिलं असतं. ते रुग्णाला अपाय करणारं वाक्य आहे.

प्रथिनांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनने तिथल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेबरोबर 2020 मध्ये किडनीरुग्णांच्या आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. जगभरचे किडनीतज्ज्ञ त्यांचा आधार घेतात. त्यांच्यानुसार, आजार पुढे सरकलेला आहे पण डायलिसिस सुरू झालेलं नाही आणि मधुमेह नाही, अशा माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.55 ते 0.60 ग्रॅम प्रथिनं पुरतात. मधुमेह असेल तर 0.6 ते 0.8. तोच माणूस डायलिसिसवर गेला की 1.0 ते 1.2. साठ किलोच्या माणसाचा हिशेब मांडा: डायलिसिसआधी 33 ते 36 ग्रॅम, डायलिसिस सुरू झाल्यावर 60 ते 72 ग्रॅम. माणूस तोच, आजार तोच, आणि गरज जवळपास दुप्पट. कारण डायलिसिस रक्तातली घाण काढताना प्रथिनांचे घटकही बाहेर नेतं, शिवाय शरीराची झीज वाढवतं. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2024 मध्ये डायलिसिसआधीच्या रुग्णांसाठी 0.8 ग्रॅम हा आकडा धरला, म्हणजे तज्ज्ञांमध्येही थोडा फरक आहे. पण डायलिसिसवरच्या रुग्णाला डाळ, अंडी, मासे सगळंच बंद करा, असं यांपैकी कोणीही म्हणत नाही. त्या कागदावर मात्र दोघांनाही एकच रकाना आहे. सगळ्या गावाला एकाच नंबरचा चष्मा वाटावा तसा हा प्रकार. फरक इतकाच की चुकीचा चष्मा डोळ्यांना लगेच कळतो, चुकीचं पथ्य महिन्यांनी कळतं.

ते कसं कळतं, हेही सांगायला हवं. रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन नावाची एक ओळ असते, तिच्याकडे घरचे सहसा बघत नाहीत. सगळ्यांचे डोळे क्रिएटिनिनवर. लॉवरी आणि ल्यू या दोघांनी 1990 मध्ये अमेरिकेतल्या बारा हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रक्तातलं अल्ब्युमिन खाली गेलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका फार मोठा दिसला. अल्ब्युमिन नुसत्या कमी खाण्याने घटतं असं नाही, शरीरातल्या सुजेनेही घटतं. पण अपुरं खाणं हे त्यातलं आपल्या हातात असलेलं कारण. आता यातला सापळा पाहा. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. अर्धपोटी ठेवलेल्या माणसाचे स्नायू झिजतात, आणि स्नायू झिजले की क्रिएटिनिनचा आकडाही थोडा खाली येतो. किडनी तसूभरही सुधारलेली नसते, माणूस मात्र सुकत चाललेला असतो, आणि कागद देणारा आकड्यावर बोट ठेवून म्हणतो, “बघा, पथ्याचा गुण आला.” या वाक्याला फसणाऱ्यांना मी दोष देत नाही. आकडा खरोखरच उतरलेला असतो, हातात कागदोपत्री पुरावा असतो, आणि घरातल्या कोणी ‘दंड बारीक झालेत, जिना चढवत नाही’ असं म्हटलं तर आजारपणात असंच व्हायचं म्हणून त्याला गप्प केलं जातं. म्हणून ‘क्रिएटिनिन उतरवून दाखवतो’ असं आश्वासन देणारा कोणीही, मग तो आहारतज्ज्ञ म्हणवो, वैद्य म्हणवो की आणखी काही, माझ्या लेखी बाद. आणि क्रिएटिनिन उतरल्याचा आनंद करण्याआधी अल्ब्युमिन, वजन आणि हाताच्या मुठीतली ताकद बघावी.

दुसरा घोळ पोटॅशियमचा. इथे तर रायगडच्या स्वयंपाकघराची माहिती नसेल तर सल्ला देताच येत नाही. रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान हवं. ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, तेव्हा भीती खोटी नाही. पण ज्याचं पोटॅशियम नीट आहे त्याची फळं आणि पालेभाज्या आधीच बंद करण्याची गरज नसते. ज्याचं वाढलेलं आहे त्यालाही पदार्थाचं नुसतं नाव सांगून भागत नाही, तो शिजवला कसा हे विचारावं लागतं. आमच्याकडचे वाल घ्या. बिरड्यासाठी वाल रात्रभर भिजतात, मोड येतात, सोलले जातात. भिजवलेलं पाणी ओतून द्यायचं, शिजवतानाचं पहिलं पाणीही टाकायचं म्हटलं तर पोटॅशियमचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. त्याच वालाच्या शेंगांची थंडीत पोपटी लागते, तेव्हा मडक्यात पाण्याचा थेंब नसतो. भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वाफेवर शेंगा, सालासकट बटाटे, अंडी शिजतात, वर ओवा आणि जाडं मीठ. पोटॅशियम जिथल्या तिथे राहतं आणि मीठ वाढतं. पदार्थ एकाच वालाचे, पण किडनीच्या रुग्णासाठी त्यांत जमीन-अस्मानाचा फरक. कागदावर ‘कडधान्यं बंद’ लिहिणाऱ्याला हा फरक कळायला मार्ग नाही, कारण तो विचारतच नाही. उलट याच माणसाने ‘मीठ कमी’ एवढंच सांगून सोडून दिलं, तर घरचे भाबडेपणाने दुकानातून ‘लो सोडियम’ मीठ आणतात. त्या मिठात सोडियम कमी करून त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला ते विषासारखं. शहाळ्याचं तसंच. ‘आजारी माणसाला शहाळं न्यावं’ हा आपला रिवाज इतका पक्का की पाहुणे हातात शहाळी घेऊनच येतात, आणि एका शहाळ्याच्या पाण्यात 500 मिलिग्रॅमच्या पुढे पोटॅशियम सहज असतं. मधुमेही रुग्णाची साखर अचानक उतरली की मोसंबीचा रस पाजतात, त्यातही तेच. अशा वेळी ग्लुकोजची पावडर किंवा साधी साखर बरी. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून ठासून सांगते: कमरख, आपल्याकडे करमळ म्हणतात ते कापल्यावर चांदणीसारखं दिसणारं आंबट फळ, किडनी निकामी झालेल्या माणसाने चाखूही नये. त्यातलं विषारी द्रव्य किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, भ्रम, फेफरं आणि मृत्यूपर्यंतच्या नोंदी आहेत. दोन रकान्यांच्या त्या कागदावर सफरचंद होतं. करमळाचं नाव नव्हतं.

फॉस्फरसबद्दल थोडक्यात. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस बराचसा अशा रूपात असतो की आपलं आतडं तो पुरता शोषू शकत नाही. पाकीटबंद पदार्थांत टिकवण्यासाठी किंवा फुगवण्यासाठी घातलेला फॉस्फेट मात्र जवळपास सगळाच्या सगळा रक्तात जातो. म्हणजे आधी बंद व्हायला हवं ते काळं कोला पेय, प्रक्रिया केलेलं चीज, तयार मांसाचे पदार्थ. आपल्याकडच्या वेष्टनावर सोडियमचा आकडा देणं सक्तीचं आहे, फॉस्फरस-पोटॅशियमचा नाही. म्हणून घटकपदार्थांच्या बारीक अक्षरांत आयएनएस 338 ते 341 आणि 450 ते 452 हे क्रमांक शोधायची सवय लावावी. ते फॉस्फेटचे आहेत. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती जेवणाबरोबरच घ्यायची. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीला बांधायला तिथे फॉस्फरसच नसतो. किती घरांत ती सकाळच्या चहाआधी बाकीच्या गोळ्यांबरोबर गिळली जात असेल, याचा विचार केला की जीव हळहळतो. चांगला आहारतज्ज्ञ ही गोळी कोणत्या घासाला घेता, इथपर्यंत विचारतो.

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप घरातूनच येतो: डॉक्टर आहेत ना, मग पथ्यासाठी वेगळा माणूस कशाला? डॉक्टर ‘मीठ कमी, पाणी कमी, प्रथिनं मोजून’ एवढं सांगतात आणि बरोबर सांगतात. पण छत्तीस ग्रॅम प्रथिनं म्हणजे आमच्या ताटात काय, हे सांगायला त्यांना वेळ नसतो, आणि ते त्यांचं शास्त्रही नाही. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, मध्यम वाटीभर वरणात सहा-सात, शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सात-आठ, बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात वीसच्या आसपास. यातून तीन वेळचं जेवण बसवायचं, त्यात उष्मांक दर किलोमागे 25 ते 35 यायलाच हवेत, नाहीतर शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. शिवाय माणसाला ते रोज गिळवलंही पाहिजे. कमी प्रथिनांचा आहार किडनीचा ऱ्हास लांबवतो का, हे तपासायला अमेरिकेत झालेला सगळ्यात गाजलेला प्रयोग, 1994 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेला ‘एमडीआरडी’, त्यात सहभागी रुग्णांना आहारतज्ज्ञ महिन्याच्या महिन्याला भेटत होते. इतकी देखरेख असूनही फायदा फार ठळक निघाला नाही. मग ज्याला आयुष्यात एकदाच एक कागद मिळाला, त्याच्या अर्धपोटी राहण्यातून काय निघणार? अमेरिकेत 2008 च्या नियमांनुसार प्रत्येक डायलिसिस केंद्राच्या चमूत पात्र आहारतज्ज्ञ असावाच लागतो. तिथे पैसा आहे म्हणून असं झालं, हे उत्तर मला पटत नाही. आपणही 2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम चालवतो. गरिबांना मोफत डायलिसिस द्यायचं ठरवणाऱ्या देशाला मशीनवरच्या चार तासांनंतरच्या जेवणाची चिंता करणं जड जाऊ नये.

दुसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त झोंबतो, कारण तो कागद देणारेच घेतात: “रुग्ण तसेही ऐकत नाहीत, गुंतागुंतीचं सांगून उपयोग काय? सोपी यादी बरी.” यात आधी दोष रुग्णावर ढकललेला असतो आणि मग त्या दोषाच्या आड स्वतःचं काम टाळलेलं असतं. ज्या यादीत डाळही नाही, मासाही नाही, दूधही नाही, बटाटाही नाही, ती आपटा-रसायनी भागातला कोणताही माणूस पाळूच शकत नाही. तो चार दिवस भात आणि दुधी खातो, पाचव्या दिवशी कंटाळून वाटेल ते खातो, आणि मग त्याला ‘ऐकत नाही’ असा शिक्का मिळतो. न पाळता येण्यासारखं पथ्य देऊन ते पाळलं नाही म्हणून दटावणं हा अन्याय आहे. आणि फी घेऊन, खेड्यातल्या माणसाला ‘तुम्हा लोकांना सांगून समजत नाही’ या सुरात बोलणं, याला मी उर्मटपणाच म्हणेन. पंधरा दिवसांत किती किलो उतरवायचे याच्या जाहिराती लावून बसलेल्याने मूत्रपिंडाच्या रुग्णाला हात घालू नये. वजन उतरवणं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाची ताकद धरून ठेवणं यांच्या दिशाच उलट्या आहेत. नको असलेल्या रुग्णाला ‘हा माझा विषय नाही’ एवढं सांगायला किती सेकंद लागतात?

तिसरा आक्षेप तरुण मुलांचा: सगळं मोबाइलवर मिळतं. माहिती मिळते हे खरं. राजकोटचे किडनीतज्ज्ञ डॉ. संजय पंड्या यांनी रुग्णांसाठी केलेलं लिखाण मराठीतही उपलब्ध आहे, ते जरूर वाचावं. आजार समजून घ्यायला त्याचा उपयोग होतो आणि आहारतज्ज्ञापुढे बसल्यावर नेमके प्रश्न विचारता येतात. पण पुस्तकाला तुमचा या महिन्याचा रिपोर्ट माहीत नसतो. पोटावाटे घरी डायलिसिस करणाऱ्याचं प्रथिन आणि पोटॅशियम त्या द्रावणातून जातं आणि द्रावणातली साखर शरीरात येते, म्हणून त्याचं ताट मशीनवर जाणाऱ्यापेक्षा वेगळं. किडनीरोपण झालेल्याचं आणखी वेगळं. त्याने पपनससुद्धा टाळायचं, कारण ते रोपणानंतरच्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बिघडवतं. व्हिडिओतला माणूस यातलं कोणाशी बोलतो आहे, हे त्यालाही माहीत नसतं. काढे आणि चूर्णांबद्दल एवढंच म्हणते की जे घ्याल ते आधी किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, लपवून काही घेऊ नका.

मग योग्य माणूस ओळखायचा कसा? पदवी बघावीच. आहारशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा पदविका, आणि रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ आणि निर्मला निकेतन यांच्याकडून ही माणसं अनेक वर्षं तयार होत आहेत. 1963 मध्ये स्थापन झालेली इंडियन डाएटेटिक असोसिएशन परीक्षा घेऊन ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही मान्यता देते. ती आहे का, हे विचारायला संकोच करू नये. 2021 मध्ये संसदेने आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञही आले. या व्यवसायाची नोंदणी काटेकोर झाली तर चार आठवड्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसणाऱ्यांना आळा बसेल. तोवर बघायचं आपणच. मात्र पदवी खरी असली तरी ती किडनीची असते असं नाही. कागद देणाऱ्यांकडेही पदव्या असतात. खरी परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत होते, आणि ती तो काय सांगतो यावरून नाही, काय विचारतो यावरून करावी. क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन असलेला ताजा रिपोर्ट मागितला का? सूज वगळून खरं वजन किती, डायलिसिसवाल्याचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी निघून गेल्यावरचं वजन, किती, हे विचारलं का? दिवसाला लघवी किती होते हे विचारल्याशिवाय पाणी किती प्यायचं हे सांगताच येत नाही. औषधांची चिठ्ठी पाहिली का? स्वयंपाक कोण करतं, दात शाबूत आहेत का, महिन्याचा किराणा किती, सुकी मासळी घरात येते ती मीठ लावून खारवलेली की नुसती उन्हात वाळवलेली, हे विचारणारी बाई भेटली तर तिला सोडू नका. पुढचा रिपोर्ट आल्यावर आहार बदलेल असं तिने आपणहून सांगितलं, आणि तुमच्या डॉक्टरांचा नंबर मागितला, तर समजा योग्य ठिकाणी आलात. आणि टेबलाखालून प्रथिनांच्या पावडरीचा डबा काढला तर? किडनीरुग्णांसाठीच्या काही पावडरी खरोखर लागतात, पण त्या कोणत्या हे डॉक्टरांना विचारून बाहेरच्या औषधाच्या दुकानातून घ्याव्यात. सल्ला देणाऱ्याने माल विकू नये.

शोधायचं कुठे, हा आपट्याच्या माणसाचा खरा प्रश्न. किडनीचे आहारतज्ज्ञ बाजारपेठेत पाटी लावून क्वचितच बसतात. ते किडनी विभाग आणि डायलिसिस केंद्र असलेल्या रुग्णालयांत असतात. म्हणून शोध किडनीच्या डॉक्टरांपासून सुरू करावा: ‘तुमचे रुग्ण तुम्ही कोणाकडे पाठवता?’ असं सरळ विचारावं. डायलिसिस केंद्रातल्या सिस्टर आणि तंत्रज्ञ यांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत असतं, कारण कोणाचं वजन दोन डायलिसिसमध्ये आटोक्यात राहतं आणि ते कोणाच्या सल्ल्याने, हे ते रोज बघतात. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णालाही विचारावं. पनवेल, कामोठे, बेलापूर या पट्ट्यात आज मोठी रुग्णालयं आहेत. तिथे नाही जमलं, किंवा परवडलं नाही, तर परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, नायर आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत किडनी विभाग आहेत. आपटा स्टेशनात थांबणाऱ्या गाड्या मोजक्या, एक चुकली की दिवस गेला, हे मला शिकवायची कोणाला गरज नाही. म्हणून पहिली भेट प्रत्यक्ष घ्यावी, सूज आणि वजन तिथे बघून घ्यावं, आणि पुढचा सल्ला फोनवर, रिपोर्टचा फोटो पाठवून चालेल का हे त्याच दिवशी ठरवावं. ज्याला हे मान्य नाही त्याच्याकडे खेड्यातला माणूस टिकू शकत नाही. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा जायचंच असेल तर त्याच केंद्रात, त्याच वेळी भेट मागावी. मशीनवरचे चार तास रिकामेच असतात.

जाताना काय न्यायचं तेही सांगते. मागचे सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, एकटा ताजा नव्हे, कारण आकडा कुठून कुठे चालला आहे हे जास्त महत्त्वाचं. तीन दिवस खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद, त्यात एक दिवस सणाचा किंवा पाहुण्यांचा असावा. रोजच्या जेवणातली वाटी, डाव आणि पेला प्रत्यक्ष बरोबर न्यावा, कारण ‘एक वाटी’ म्हणजे प्रत्येक घरात वेगळं माप. मीठ महिन्याला किती किलो लागतं आणि घरात खाणारी माणसं किती, हे लिहून न्यावं. दिवसाला माणशी पाच ग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा, साधारण एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट सगळं आलं. हिशेब केला की डोळे उघडतात. पथ्य लिहून घ्यावं, मराठीत, पदार्थांच्या आपल्या नावांनी, आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती त्या वेळी समोर हवी. रुग्णाला एकट्याला पाठवून घरी येऊन निरोप सांगायला लावू नये.

खर्चाचं म्हणणं शेवटी येतंच, आणि ते खोटं नाही. एका भेटीची फी, गाडीभाडं, बुडालेली मजुरी. पण पोटॅशियम वाढून मध्यरात्री रुग्णवाहिकेतून पनवेलला जावं लागलं तर त्याचा खर्च किती, हे ज्यांनी भरलंय त्यांना विचारा. तरीही हा खर्च रुग्णानेच का उचलायचा, हा प्रश्न उरतो. मोफत डायलिसिसच्या केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी किडनीचं काम शिकलेली आहारतज्ज्ञ बसवावी, तिने मशीनवरच्या प्रत्येक रुग्णाचा त्या महिन्याचा रिपोर्ट बघून त्याचं ताट बदलून द्यावं, आणि दर महिन्याला अल्ब्युमिनची नोंद केंद्राच्या फलकावर नव्हे तर रुग्णाच्या हातातल्या वहीत व्हावी. एवढी मागणी पनवेल तालुक्यातल्या ग्रामसभांनी ठराव करून आरोग्य खात्याकडे पाठवायला काहीच हरकत नाही.